आधी स्क्रू बघा, मग लेबल

गेल्या दिवाळीनंतर सांगलीच्या गावभागातल्या एक बाई मँडोलिन घेऊन आल्या. सासऱ्यांचं. २०१९ च्या महापुरात सगळं सामान माळ्यावर चढवलं, पण पलंगाखालची केस कुणाच्या लक्षात आली नाही. पाणी ओसरल्यावर ती गाळात तिरकी पडलेली सापडली. पुसून, वाळवून तशीच ठेवली. आता भाचा म्हणतोय, विकून टाकू.

आत लेबल होतं, पण अर्धंच. डाव्या अंगानं पाणी शिरलेलं, त्यामुळे कागदाचा उजवा तुकडा तेवढा शिल्लक. त्यावर इंग्रजीत चार अक्षरं: जी, ओ, वाय, ए. भाच्यानं मोबाइलवर शोध घेऊन निकालही लावला होता. त्या म्हणाल्या, "काका, गोया म्हणून स्वीडनची कंपनी आहे. लाखात जातंय म्हणे."

मी म्हटलं, "ताई, ते अर्धं नाव राहू द्या. आधी बाकीचं वाचू."

एसटीच्या वर्कशॉपमध्ये मी एकोणतीस वर्षं काढली आणि त्याच काळात रात्री ऑर्केस्ट्रात मँडोलिन वाजवलं. आता मिरजेत राहतो, सतारमेकरांच्या गल्लीपासून चालत पाच मिनिटांवर. म्हणून माझ्या तोंडात तबली, दांडी, घोडी, पडदे, मेरू हेच शब्द बसलेत. गिटारवाली पोरं त्यालाच टॉप, नेक, ब्रिज, फ्रेट, नट म्हणतात. हत्यारं फार लागत नाहीत. पेनाएवढा टॉर्च, दाताच्या डॉक्टरकडे असतो तसला छोटा आरसा, स्टीलची पट्टी, भिंग आणि टॅपेटची फट मोजायचे फीलर गेज. गेज वर्कशॉपमधलंच, निवृत्तीच्या दिवशी खिशात राहून गेलेलं.

आपल्याकडं येणारी जुनी मँडोलिनं बरीचशी जपानी, ती कशी पारखायची ते क्रमानं सांगतो. पहिल्यांदा पट्टी लावा. मेरूपासून, म्हणजे डोक्याजवळ तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीपासून, बाराव्या पडद्यापर्यंत मोजायचं आणि दुप्पट करायची, की तारेची वाजती लांबी मिळते. साडेसोळा सेंटीमीटर भरलं, म्हणजे दुपटीनं ३३ च्या आसपास, तर घडण इटलीच्या नेपल्सकडची. पाठ बहुधा तुंब्यासारखी फुगीर, लाकडाच्या फाका जोडून केलेली. १७.६ भरलं, म्हणजे साधारण ३५, तर अमेरिकन गिब्सनच्या मापावर बेतलेलं. पाठ कमी फुगीर, तबलीवर बहुधा व्हायोलिनसारख्या चिरा, कधी खांद्याला गोगलगायीसारखा वेटोळा. जपानात दोन्ही घराणी नांदली, पण वेगवेगळ्या काळात आणि वेगवेगळ्या गिऱ्हाइकांसाठी. हे एक माप घेतलं की अर्धी दिशा कळते.

मग स्क्रू. डोक्याच्या मागं चाव्यांच्या दोन पट्ट्या असतात, एकेका पट्टीवर चार चाव्या. त्या पट्ट्या कोणत्या स्क्रूंनी बसवल्यात ते भिंगातून बघा. सपाट खाचेचे की स्टार? स्टार स्क्रू अमेरिकेत १९३० च्या दशकाच्या मध्याला बाजारात आला आणि जपानात सर्रास झाला तो युद्धानंतर. त्यामुळे कुणी "१९२५ चं आहे, एकही भाग बदललेला नाही" असं सांगत असेल आणि पट्टीला स्टार स्क्रू असतील, तर दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या नसतात. पट्टी नंतर बदललेलीही असू शकते, म्हणून पट्टीच्या कडेनं लाकडाचा रंग बघायचा. जुन्या पट्टीची सावली नव्या पट्टीबाहेर डोकावते, नाहीतर बुजवलेली भोकं दिसतात.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. २०१२ साली मोठ्या शहरातल्या एका जुन्या वाद्यांच्या व्यापाऱ्याकडून मी एक मँडोलिन आणलं, १८ हजार मोजून. आत दांडीच्या ठोकळ्यावर निळ्या शाईचा शिक्का होता: ४८.६.१२. व्यापारी म्हणाला, "बघा, अठ्ठेचाळीस सालचं. युद्धानंतरचा पहिला माल." मी खूश. परत येताना रेल्वेत ते मांडीवर घेऊन बसलो होतो. मिरजेत एका सतारमेकरांना दाखवलं, त्यांनी वाद्य पालथं केलं आणि म्हणाले, "स्क्रू तर तुमच्या एसटीच्या डॅशबोर्डला असतात तसले आहेत की." आठही स्टार. रंग सारखा, सावली नाही, बुजवलेली भोकं नाहीत. ज्या माणसानं आयुष्यभर स्क्रू पिळले त्याला स्क्रू दिसले नाहीत, कारण तो लेबल आणि शिक्का वाचण्यात गुंग होता.

तो ४८ हा इसवी सनाचा नव्हताच. जपानी माणूस घरच्या कागदावर सम्राटाच्या कारकिर्दीचं वर्ष घालतो. हिरोहितो १९२६ च्या डिसेंबरात गादीवर आले, तिथून शोवा हे साल सुरू झालं, आणि १९२६ हेच शोवाचं पहिलं वर्ष. आपण शकात ७८ मिळवतो, तसं शोवात १९२५ मिळवायचे. ४८ म्हणजे १९७३, जूनची १२ तारीख. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, असा त्यांचा क्रम. शोवाच्या आधीचं साल तैशो, त्यात १९११ मिळवायचे. शोवा १९८९ च्या जानेवारीत संपलं, म्हणून ६४ च्या पुढचा आकडा शोवा नव्हे. मधला आकडा १२ पेक्षा मोठा असेल तर ती तारीखच नाही, कारखान्याचा काहीतरी क्रमांक आहे. सोडून द्या.

आणखी एक गोष्ट तिथंच माझ्या नाकासमोर होती. आतल्या चिकटपट्टीवर इंग्रजीत नुसतं 'मेड इन जपान' होतं. युद्धानंतर अमेरिकन फौजा जपानात होत्या, तेव्हा परदेशी जाणाऱ्या मालावर 'मेड इन ऑक्युपाइड जपान' छापलं जायचं, साधारण १९४७ पासून १९५२ पर्यंत. त्याच्याही आधी, अमेरिकेच्या १८९० च्या कायद्यामुळे आयात मालावर देशाचं नाव टाकणं भाग पडलं आणि जपानी लोक 'निप्पॉन' लिहू लागले. १९२१ पासून अमेरिकेनं 'जपान' असंच हवं म्हणून धरलं. म्हणजे नुसतं निप्पॉन, ऑक्युपाइड आणि साधं जपान, या तीन शिक्क्यांवरून ढोबळ काळ लागतो. पण हे सगळं निर्यातीच्या मालाचं. जपानातच विकलेल्या वाद्यावर यातलं काहीच नसलं तर दचकू नका. सध्या पुण्याची पोरं नोकरीनिमित्त तिकडं जातात आणि जुन्या सामानाच्या दुकानातून 'जंक' अशी चिठ्ठी लावलेली मँडोलिनं उचलून आणतात, ती असलीच.

सुझुकीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण आपल्याकडं येणाऱ्या दहांतली निम्मी वाद्यं त्या नावाची निघतात. पहिला प्रश्न ठरलेला: "मारुतीवाली सुझुकी का?" नाही. मोटारवाले सुझुकी हामामात्सूचे, मागावरून गाड्यांवर आलेले. मेलोडियन आणि माउथऑर्गनवाले सुझुकीही हामामात्सूचेच, पण तिसरे. मँडोलिनवाले सुझुकी नागोयाचे. मासाकिची सुझुकींनी १८८७ मध्ये तिथं व्हायोलिन करायला घेतलं. पहिल्या महायुद्धात जर्मनीचा माल बंद पडला आणि यांच्या वाद्यांना परदेशातून मागणी आली. मुलांना व्हायोलिन शिकवायच्या सुझुकी पद्धतीचे शिनिची सुझुकी हे त्यांचेच चिरंजीव. लेबलवर 'किसो सुझुकी' असेल तर ते आणखी निराळं, नागानोच्या डोंगराळ भागातलं. दोन्ही नावांत चांगला माल आहे आणि शाळकरी मालही आहे, त्यामुळे नुसतं नाव वाचून भाव सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

नागोयाचं आणि आपलं नातं अजून एका वाटेनं आहे. लग्नाच्या वरातीत आपल्याकडं जी बेंजो पार्टी असते, तिच्यातला बेंजो म्हणजे टाइपरायटरसारख्या बटणांचा, त्याचं मूळ तैशोगोतो. ते वाद्य १९१२ मध्ये नागोयातच निघालं. गणपतीत आमच्या गल्लीत बेंजो दणाणायला लागला की मला हे आठवतं आणि बायको कान झाकून घेते.

सत्तरीच्या दशकातला माल वेगळा. अमेरिकेत ब्लूग्रास या तिथल्या लोकसंगीताची हवा होती. गिब्सनचं एफ-५, म्हणजे खांद्याला वेटोळा असलेलं मॉडेल, तेही कंपनीतले ध्वनितज्ज्ञ लॉइड लोअर यांच्या सहीचं १९२२ ते १९२४ मधलं, हा तिथला कोहिनूर. जपानी कारखान्यांनी त्याच्या नकला केल्या आणि काहींनी त्या फार मन लावून केल्या. इबानेझ हे होशिनो गाक्की या नागोयाच्या घराण्याचं नाव, आरिया हे अराईंचं, तेही नागोयाचेच. कासुगा आहे. केंटकी हे नाव कॅलिफोर्नियातल्या सागा कंपनीचं, सुरुवातीचा माल जपानी, पुढं कोरियन, मग चिनी. म्हणून केंटकी दिसलं की आतली देशाची पट्टी वाचल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. इबानेझच्या त्या काळातल्या नंबरात पहिलं इंग्रजी अक्षर महिना सांगतं, ए म्हणजे जानेवारी, एल म्हणजे डिसेंबर, आणि पुढचे दोन आकडे वर्ष. डी७७ म्हणजे एप्रिल १९७७.

याच मालाला विकणारे 'लॉसूट' असं शेपूट लावतात आणि भाव वाढवतात. मूळ गोष्ट एवढीच: १९७७ मध्ये गिब्सनच्या मालक कंपनीनं इबानेझच्या अमेरिकन शाखेवर दावा लावला, तो डोक्याच्या आकारावरून, आणि नंतर आपसांत मिटला. दाव्यामुळे लाकूड चांगलं होत नाही. माझ्याकडं आलेलं एक 'लॉसूट' प्लायवूडचं होतं.

आता लाकूडच. सगळा जीव इथं आहे, सावकाश बघा. आवाजाच्या भोकाच्या किंवा चिरेच्या कडेवर टॉर्च तिरका धरा. वरच्या तबलीवरच्या उभ्या रेषा कडेवरून खाली उतरताना दिसतात का? उतरत असतील तर अख्खं लाकूड. कडेवर सँडविचसारखे थर दिसले तर प्लाय. काही कारखाने कडेला काळा रंग फासत, तेव्हा आतून आरसा घालून खालची बाजू बघायची. वर रेषा दाट, सरळ आणि खाली रेषांचा थांगपत्ता नाही किंवा त्या आडव्या, तर प्लाय. पाठीचंही तसंच: बाहेर वाघासारखे पट्टे आहेत, मग आतून त्याच जागी त्यांची जोडी सापडली पाहिजे.

अख्खं लाकूड निघालं तरी एफ घाटाच्या वाद्यात अजून एक भेद आहे. तबली कोरलेली की वाफेवर दाबून वाकवलेली? कोरलेली तबली मधे जाड आणि कडेकडे पातळ होत जाते. दाबलेली सगळीकडं एकसारखी. चिरेतून बोट आणि अंगठ्याच्या चिमटीत कड धरली, मग आरशात आतली बाजू पाहिली, की सवयीनं कळतं. आत रंध्याच्या, पटाशीच्या खुणा दिसल्या की माझा चहा गार होतो.

पडद्यांखालची पट्टी काळी असेल तर ओला पांढरा फडका कोपऱ्यात घासा. फडका काळा झाला तर साधं लाकूड रंगवलंय. तबलीवर कासवाच्या पाठीसारखं दिसणारं जे पान असतं, ते बहुतेक सेल्युलॉइड. अंगठ्यानं जोरात चोळून लगेच वास घ्या. देवघरातला कापूर आठवला तर सेल्युलॉइडच, कारण ते कापूर घालूनच करत. ते जुनं होऊन तडकतं तेव्हा त्याची वाफ आसपासच्या तारा आणि पट्ट्या गंजवते, म्हणून बंद केसमध्ये हिरवट गंज दिसला की आधी त्या पानाकडं बघा.

फुगीर पाठीच्या वाद्यात एक गोष्ट हमखास चुकते. तबली घोडीच्या किंचित मागं मोडल्यासारखी खाली वळलेली असते. लोक म्हणतात, बसली! ती बसलेली नाही, घडवतानाच तशी वाकवतात. खरी बसलेली तबली घोडी आणि भोकाच्या मधे खळगा दाखवते. त्यावर पट्टी आडवी ठेवली की खालून उजेड येतो. त्याचं कारण आपल्याकडं बहुतेक एकच असतं. आवाज मोठा यायला म्हणून जाड तारा चढवलेल्या. आठही तारा सुरात असल्या की मिळून साठ किलोंच्या वर ताण पडतो, आणि नेपल्स घाटाचं वाद्य पहिली तार ९ किंवा १० नंबरची, म्हणजे बारीक, धरून बेतलेलं असतं. पाठीच्या फाका मोजा. जास्त फाका, मधे पन्हाळी कोरलेली, म्हणजे कारागिराचे जास्त तास.

दांडी डोक्याच्या बाजूनं डोळ्यासमोर धरून बंदुकीसारखी नेम धरत बघा. मग बाराव्या पडद्यावर तारेची उंची. दीड ते दोन मिलिमीटर असेल तर हात सुखात. माझं गेज तीनच्या पुढं गेलं आणि घोडी खाली करायला जागाच नसली, तर दांडीचा सांधा उखडून कोन बदलावा लागणार. बहुतेक जुन्या वाद्यांत आत पान्यानं फिरवायची लोखंडी सळई नसते, त्यामुळे दांडी वाकली असेल तर पाना फिरवूनही सुटका नाही. आमच्याकडं सतारीच्या पडद्यांना, जवारीला, म्हणजे घोडीचा माथा घासून झणकार आणण्याला, सोन्याचे हात आहेत, पण मँडोलिनची घोडी धारदार हवी. सतारीच्या सवयीनं कुणी तिला जवारी काढली तर वाद्य झणझणत बसतं. सांगून द्यायचं.

भावाचं माझं गणित रोकडं आहे. त्याच मॉडेलचं चांगलं वाद्य खरोखर कितीला विकलं गेलं ते शोधायचं, कुणी किती मागतोय ते नाही. त्यातून दुरुस्ती वजा. पडदे घासून सारखे करायला मी दीड हजार धरतो, सगळे बदलायला पाच, सांधा उखडायचा तर दहा. सुटलेल्या फाका, तडे वेगळे. उरलेल्यातून माझ्या चुकीचे म्हणून आणखी पाचवा हिस्सा काढतो, ४८.६.१२ ची आठवण म्हणून. प्लायचं असेल तर वयाचा एक रुपयाही धरत नाही. ते वाजतं कसं, तेवढ्याच पैशाचं. कोरलेलं, अख्ख्या लाकडाचं, दांडी सरळ असलेलं सत्तरीतलं एफ घाटाचं असेल, तर घाई करू नका. ते इथं विकण्यापेक्षा बाहेरच्या वादकाला दाखवा.

गावभागातल्या ताईंचं मँडोलिन मोजलं तर मेरूपासून बाराव्या पडद्यापर्यंत साडेसोळा. फुगीर पाठ, फाका एकोणीस, खालच्या तीन सुटलेल्या, फटीत कृष्णेचा गाळ वाळून बसलेला. स्टार स्क्रू, सावली नाही. तबलीच्या रेषा भोकाच्या कडेवरून स्वच्छ खाली उतरत होत्या. पान चोळलं तर कापूर. आरसा घालून ठोकळा पाहिला, तिथं पाणी पोचलं नव्हतं. फिकट शिक्का: ४५.३.

"म्हणजे पंचेचाळीस सालचं?" ताईंनी विचारलं.

"सत्तर सालचा मार्च. आणि गोया नव्हे. पुढचं 'ना' पुरात गेलंय. नागोया."

त्या हसल्या नाहीत. भाच्याला फोन लावला, लांब जाऊन काहीतरी बोलल्या. गोया नावाच्या गिटारी होत्या हे खरं, स्वीडनच्या लेव्हिन कारखान्यातून अमेरिकेला जायच्या, त्यामुळे पोराची चूक म्हणता येत नाही. मी सांगितलं, सुझुकीचंच असणार, पण तुकड्यावर कंपनीचं नाव नाही म्हणून लिहून देणार नाही. आहे तसं सातेक हजार. फाका सरसानं चिकटवून, पडदे घासून, बारीक तारा चढवून बारा. मधे तीनेक हजार खर्च आणि माझ्या ओळखीच्या कारागिराचे दोन महिने.

"सासरे यावर काय वाजवायचे?" मी विचारलं.

"भजनात साथ करायचे. शेवटी शेवटी नुसतं सुरात लावून ठेवायचे."

विकायचं की नाही ते त्यांनी अजून ठरवलेलं नाही. दुरुस्तीला मात्र ठेवून गेल्या. तारा उतरवण्याआधी मी घोडीच्या दोन्ही पायांशी तबलीवर पेन्सिलीनं बारीक खूण केली. घोडी चिकटवलेली नसते, तारा सैल झाल्या की सरकते आणि मग सगळे पडदे बेसूर बोलतात. तुम्हीही पार्सल करण्याआधी ही खूण करा, तारा दोनतीन स्वर उतरवा, घोडी काढून मऊ कापडात वेगळी गुंडाळा. लेबलचा तुकडा सुटत असेल तर तो परत चिकटवू नका. ताईंचा मी पाकिटात घालून केसच्या झाकणात ठेवलाय, 'गोया' वर करून.